गेमला माशी नसते

नेम धरताना हात थांबवायचा की हलवायचा, हा वाद ऐकायचा असेल तर केजमध्ये आमच्या शेजारच्या ओट्यावर येऊन बसावं. मामा मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार होऊन निवृत्त झालेले. बेळगावच्या सेंटरला शिकले आणि पुढची बरीच वर्षं इन्सास रायफल घेऊन डोंगराडोंगरांतून हिंडले. भाचा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, आणि दिवेलागणीनंतर बीजीएमआय या मोबाइलवरच्या बंदुकांच्या गेममध्ये. तेही एफपीपी मोडमध्ये. म्हणजे पडद्यावर आपलं पात्र दिसत नाही. त्याच्या डोळ्यांना दिसेल तेवढंच आपल्याला दिसतं: बंदुकीची नळी, दोन हात आणि समोरचं मैदान. दोघांची नावं लिहीत नाही. मामांना छापून आलेलं आवडत नाही आणि भाच्याच्या आईला कळलेलं परवडणार नाही.

मामा : काय करायलास मघापासून? खेळंना का झोपंना. नुसते आकडे खाली-वर.

भाचा : सेन्सी सेट करायलोय, मामा.

मामा : कालबी तेच करत होतास.

भाचा : काल थ्री एक्सची केली. आज सिक्स एक्सची.

सेन्सी म्हणजे सेन्सिटिव्हिटी, हे ज्यांच्या घरात सोळा ते पंचविसातलं कुणी आहे त्यांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी थोडक्यात. सेटिंगमध्ये चार तक्ते असतात. कॅमेऱ्याचा तक्ता म्हणजे पडद्यावर अंगठा फिरवला तर नजर किती फिरावी. एडीएसचा म्हणजे गोळ्या सुटत असताना अंगठा ओढला तर ती किती फिरावी. तिसरा जायरोचा : अंगठा नाहीच, हातातला फोनच वळवला तर काय व्हावं. चौथा, गोळीबार चालू असताना फोन वळवला तर काय व्हावं. आणि प्रत्येक तक्त्यात बिनस्कोपपासून रेड डॉट, टू एक्स, थ्री एक्स करत एट एक्सपर्यंत वेगळ्या ओळी. पंचवीस-तीस आकडे होतात.

मामा : रायफलीला दोनच गोष्टी असतात. वर-खाली आणि डावं-उजवं. एकदा झिरो केली, म्हणजे नेम आणि गोळी एका जागी जुळवली, की हात लावायचा नाही. तुझ्या या खेळण्याला तीस कान कशाला पिळायचे?

भाचा : रायफल तुमच्या खांद्याला टेकलेली असती, मामा. माझी बंदूक कशालाच टेकलेली नाही. तिला वजन नाही, धक्का नाही. मी हात केवढा हलवला म्हणजे ती केवढी हलावी, हे कुणीतरी ठरवावंच लागणार. ते मी ठरवायलोय.

मामा : हात हलवतोसच कशाला? नेम धरायचा तर हात हलला नाही पाहिजे. पहिला धडा हाच. श्वास अर्धा सोडायचा, थांबायचं, बोट सावकाश दाबायचं. गोळी सुटलेली आपल्यालाच कळली नाही पाहिजे. कोल्हापूरकडचा तो स्वप्नील कुसाळे बघितला का? पॅरिसला पन्नास मीटर रायफलीत ब्राँझ आणलं.

भाचा : बघितलं. 1 ऑगस्ट 2024.

मामा : मग? पन्नास मीटरवरच्या त्या टार्गेटात दहाचं वर्तुळ केवढं असतं ठाऊक आहे? 10.4 मिलिमीटर. शर्टाच्या गुंडीएवढं. गुडघ्यावर, पालथं पडून आणि उभं राहून, तिन्ही तऱ्हेनं मारायचं. तो पोरगा उभा राहिला की झाडासारखा उभा राहतो. तू माशा हाकल्यासारखा फोन हलवतोस.

इथं भाचा गप्प बसेल असं मला वाटलं होतं. पण त्याच्याकडं उत्तर तयार होतं, आणि ते मामांच्याच फौजेतलं होतं.

भाचा : आणि राज्यवर्धन राठोड? फौजेतलेच ना ते? 2004 ला अथेन्सला रौप्य पदक. डबल ट्रॅपमध्ये. तिथं कुठं झाडासारखं उभं राहत्यात? दोन तबकड्या एकदम उडत्यात आणि बंदूक त्यांच्यामागं फिरवावी लागती. हात थांबवला तर तबकडी गेली.

मामा : ती शॉटगन आहे.

भाचा : पण नेम आहे का नाही?

मामांनी पानाचा डबा उघडला. मी त्यांना ओळखतो. मुद्दा लागला की ते डबा उघडतात.

मला विचाराल तर वादाची खरी मेख इथं आहे, आणि ती गेमपेक्षा जुनी आहे. थांबलेल्या लक्ष्यावर नेम धरणारा आपल्या शरीरातली हालचाल कमी करत जातो : श्वास, नाडी, बोटाची घाई. हलत्या लक्ष्यावर नेम धरणाऱ्याला हालचाल टाळता येत नाही. ती मोजूनमापून करावी लागते. मामांचा सगळा जन्म पहिल्या शाळेत गेला. बीजीएमआय बहुतेक वेळ दुसऱ्या शाळेतलं आहे, कारण समोरचा पळतो, उडी मारतो, भिंतीआडून अर्धं डोकं काढून परत आत घेतो. लांबच्या पळत्या माणसावर मारायचं तर त्याच्या पुढं नेम धरावा लागतो, कारण गेममधल्या गोळीलाही पोचायला वेळ लागतो.

मग भाच्यानं जायरो काय असतं ते करून दाखवलं. फोन आडवा धरला, वरचा काठ पुढं झुकवला. पडद्यावरचा नेम खाली गेला. डावीकडं वळवला, नेम डावीकडं. अंगठा कुठंच लागला नव्हता.

मामा : हे फोनला कळतं कसं?

फोनमध्ये फिरणारं चाक नसतं. चाकाचा जायरोस्कोप लिओं फूको या फ्रेंच शास्त्रज्ञानं 1852 मध्ये पृथ्वी फिरते हे दाखवायला वापरला, आणि नावही त्यानंच दिलं. फोनमध्ये सिलिकॉनवर कोरलेला सूक्ष्म भाग सतत थरथरत असतो. फोन वळला की ती थरथर बाजूला ढळते, आणि किती ढळली यावरून फोन किती वेगानं वळतोय ते मोजलं जातं. 2010 च्या आयफोन 4 मध्ये ती चिप पहिल्यांदा फोनमध्ये आली. स्वस्तातल्या फोनमध्ये ती अजूनही नसते, म्हणून मोबाइलच्या दुकानात पोरं कॅमेऱ्याचं नंतर विचारतात, आधी विचारतात, ‘जायरो आहे का?’

या चिपचा एक स्वभाव भाच्यानं सांगितला तो मला फार आवडला. तिला फक्त वळणं कळतं. वळवलं कुणी, ते कळत नाही.

भाचा : बीडला जाताना एसटीत खेळून बघा. मांजरसुंब्याच्या घाटात बस वळली की माझा नेमबी वळतो. मी हात हलवलेलाच नसतो. ड्रायव्हरनं स्टेअरिंग फिरवलं की इकडं माझी बंदूक दुसऱ्याच घराकडं बघायला लागती.

मामा : म्हणजे तुझा नेम एसटी महामंडळाच्या हातात.

भाचा : घाटात जायरो बंद ठेवतो.

पण वाद अजून सेन्सीपर्यंत आलाच नव्हता. तो मामांनीच आणला. भाच्याच्या तक्त्यात रेड डॉटसमोर 300 होते, थ्री एक्ससमोर 200 आणि सिक्स एक्ससमोर 70.

मामा : तीनशे टक्के कशाचे?

भाचा : म्हणजे?

मामा : टक्के कशाचे तरी असतात. शंभरातले ऐंशी मार्क असतात. हे तीनशे कशातले?

भाच्याला उत्तर देता आलं नाही, आणि गेम बनवणाऱ्यांनीही ते पडद्यावर लिहिलेलं नाही. मामांनी न कळता एका जुन्या तक्रारीवर बोट ठेवलं होतं. जिब स्मार्ट नावाचा एक गेम-प्रोग्रॅमर बरीच वर्षं हेच सांगत आला आहे : टक्के सोडा, सरळ प्रमाण लिहा. हातातला कंट्रोलर एक अंश वळवला तर गेममधली नजर किती अंश वळेल, एवढंच. एकास एक, एकास तीन. मग एका गेममधला आकडा दुसऱ्या गेममध्ये नेता येतो, आणि खेळणाऱ्याला आपण काय ठरवतोय ते कळतं. ही मागणी मला अगदी रास्त वाटते. नुसत्या ‘तीनशे’वर गाववाले दूधसुद्धा घेणार नाहीत, तीनशे काय, लिटर की मिलिलिटर?

मामा : मग एकास एक ठेव. बंदूक हातात आहे असं समज. हात जेवढा वळला तेवढीच ती वळावी. मग शिकायचं काही राहतच नाही.

हे ऐकायला इतकं बरोबर वाटतं की मीही मान डोलावली. भाच्यानं फोन मामांच्या हातात दिला.

भाचा : मागच्या माणसाकडं वळा.

मामांनी फोन धरून डावीकडं वळायला सुरुवात केली. खांदा वळला, मान वळली, कंबर वळली, आणि शेवटी ओट्यावरून उठून ते भिंतीकडं तोंड करून उभे राहिले.

भाचा : खुर्चीत बसून असं वळता येतं का? पडदा तुमच्या हातातच आहे. फोन वळवला की पडदाबी वळतो, डोळ्यापुढून निघून जातो. ते निन्टेंडोचं कसं, टीव्ही भिंतीला आणि कंट्रोलर हातात. 2015 च्या स्प्लॅटूनमध्ये लोक तसंच मारत्यात. हात कुठंबी वळवा, टीव्ही जागेवर. इथं तसं नाही. म्हणून थोड्या हातात जास्त वळण मागून घ्यावं लागतं. म्हणून तीनशे.

मामा : आणि मोठी वळणं?

भाचा : ती अंगठ्यानं. अंगठ्यानं तोंड फिरवायचं, फोननं बारीक नेम लावायचा. दोन्ही लागतं.

मामा : मग सिक्स एक्सला सत्तरच काहून?

भाचा : कारण सिक्स एक्समध्ये सगळं सहापट जवळ दिसतं. हात तेवढाच हलला तरी पडद्यावर चित्र सहापट सरकतं. तीनशेच ठेवलं तर माझी नाडी उडालेलीबी स्कोपमध्ये दिसंल.

नाडीचा उल्लेख झाला आणि मामा पहिल्यांदा पुढं सरकून बसले. रायफलीच्या दुर्बिणीतून स्वतःच्या नाडीचा ठोका पाहिलेल्या माणसाला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही.

मामा : हे सत्तर आणलंस कुठून?

भाचा : एका व्हिडिओवरनं. त्याच्या आधी जोनाथनचे आकडे लावले होते. प्लेयर आहे, लई मोठा. त्याच्या सेटिंगचे शेकडो व्हिडिओ आहेत. जमलं नाही. मग दुसऱ्याचे लावले. मग ह्याचे.

मामा : दुसऱ्यानं झिरो केलेली रायफल घेऊन आम्हाला कुणी फायरिंग करू दिलं नसतं. त्याचा गाल वेगळा, डोळा वेगळा, खांदा वेगळा. गोळी त्याच्या हिशेबानं जाणार.

भाचा : हे मला पटतं. त्याचा फोन वेगळा, पडदा मोठा, नव्वद फ्रेमचा. माझा साठचा. तो चार बोटांनी खेळतो.

मामा : तू किती बोटांनी?

भाचा : मीबी चारच. क्लॉ म्हणत्यात त्याला. दोन्ही अंगठे आणि वरनं दोन्ही तर्जन्या.

आता इथून पुढं जे झालं ते त्या संध्याकाळचं सगळ्यात कामाचं होतं असं माझं मत आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मामांनी विचारलं, आकडा चुकलाय हे तुला कळतं कसं? भाचा म्हणाला, मॅच हरलो की कळतं. मामा हसले. म्हणाले, युद्ध हरलं म्हणून कुणी माशी सरकवत नाही. (बंदुकीच्या नळीच्या टोकावर नेमासाठी जो खुंट असतो त्याला माशी म्हणतात.) मग त्यांनी फायरिंग रेंजवरची पद्धत सांगितली. नव्या रायफलीवर आधी झिरोइंग होत नाही. आधी ग्रुपिंग होतं. एकाच बिंदूवर नेम धरून पाच गोळ्या मारायच्या. बिंदूला लागल्या का, हे बघायचंच नाही. एकमेकींच्या जवळ पडल्या का, एवढंच बघायचं. पसरून पडल्या तर रायफलीला काहीही करायचं नाही, कारण दोष माणसात आहे : श्वास, पकड, बोटाचा झटका. एका ठिकाणी पडल्या पण बिंदूच्या डावीकडं पडल्या, तर माणूस ठीक आहे. आता माशी सरकवायची. आणि ती डावीकडंच सरकवायची, जिकडं गोळ्या गेल्या तिकडंच.

भाचा : उलट नको का?

मामा : माशी डावीकडं नेलीस की ती पुन्हा मधोमध आणायला नळी उजवीकडं वळवावी लागती. डोकं लाव जरा.

भाच्यानं ट्रेनिंग ग्राउंड उघडलं. तिथं कुणी मारायला येत नाही. बंदुका, भिंती आणि टार्गेट. त्यानं एम-फोर-वन-सिक्स घेतली, रेड डॉट लावला, भिंतीवर एक डाग धरला आणि मामांच्या हुकमानं एकेक गोळी मारली. सलग स्प्रे नाही. पाच गोळ्या, मग थांबून बघणं. पुन्हा पाच.

भोकं पसरलेली नव्हती. बऱ्यापैकी एकत्र होती. पण डागाच्या उजवीकडं आणि थोडी खाली.

मामा : झालं. हात ठीक आहे. माशी सरकव.

भाचा : गेमला माशी नसती, मामा.

मामा : मग हे तीस आकडे कशाला आहेत?

भाचा : ते आकडे नेम बाजूला नेत नाहीत. हात हलला तर किती हलावं एवढंच सांगत्यात. सेन्सी कमी केली तर गोळ्या उजवीकडं कमी जातील, पण जातील उजवीकडंच.

मला वाटतं, रायफलीचं शास्त्र गेमला कुठवर लागू पडतं याची सीमा या वाक्यात आली. रोग ओळखायची मामांची रीत पक्की होती. औषध मात्र त्यांच्या पेटीत नव्हतं. मग दोघंही फोनकडं बघत बसले. उजवीकडं आणि खाली का? भाच्यानं पुन्हा मारलं. या वेळी मामांनी पडद्याकडं पाहिलंच नाही, त्याच्या बोटांकडं पाहिलं.

मामा : तू बोट टेकवत नाहीस. हाणतोस. गोळीचं बटण कुठं आहे? वरच्या डाव्या कोपऱ्यात. तिथं बोट आपटलं की फोनचा तो कोपरा पुढं जातो. कोपरा पुढं गेला की...

भाचा : ...फोन उजवीकडं वळतो. आणि वरचा काठ पुढं झुकतो. म्हणून खाली.

ट्रिगर झटक्यानं ओढला की गोळी सरकते, हे रिक्रुटला पहिल्या आठवड्यात शिव्या घालून शिकवतात. जायरो चालू असलेल्या फोनमध्ये अख्खा फोनच नळी असल्यामुळं तोच दोष तिथंही निघाला. अंगठ्यानं खेळणाऱ्याला हा त्रास होत नाही. त्यानं बटणावर हातोडा मारला तरी जायरो बंद असल्यामुळं नेम जागेवर राहतो. म्हणजे बारीक नेमासाठी जायरो घेतला तर बोटाची शिस्तही घ्यावी लागते. आकड्यांच्या तक्त्यात ही ओळ कुठंच नाही.

भाच्यानं बटण थोडं आत आणि खाली घेतलं, आकारानं मोठं केलं, फोन खालून मधल्या बोटांवर टेकवून धरला. पुढच्या पाच गोळ्या डागाच्या बऱ्याच जवळ पडल्या. सेन्सी जिथल्या तिथंच.

मामा : किती दिवस आकडे बदलत होतास?

भाचा : आता ते काढू नका.

मामांना इथं जिंकल्यासारखं वाटलं होतं, आणि ते थोडं जास्तच वाटलं होतं. त्यांनी फर्मान काढलं : आता एकही आकडा बदलायचा नाही, निवृत्तीपर्यंत. यावर भाचा पेटला, आणि त्याची बाजूही ऐकण्यासारखी आहे. रायफल तीच राहते. गेम राहत नाही. 2 सप्टेंबर 2020 ला बीजीएमआयच्या आधीच्या पब्जीवर बंदी आली तेव्हा त्याचे जमवलेले सगळे आकडे गेले. 2 जुलै 2021 ला बीजीएमआय आलं, पुन्हा जमवले. जुलै 2022 मध्ये तेही स्टोअरवरून काढलं, 2023 च्या मे महिन्यात परत आलं. अठराच्या आतल्यांना दिवसाला तीनच तास असं बंधन घेऊन. तेव्हापासून तो आकडे केमिस्ट्रीच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवतो. अपडेट आलं की एखाद्या बंदुकीचा झटका बदलतो. फोन चार्जिंगला लावून खेळलं की तापतो, आणि तापला की जायरो कधीकधी आपोआप सरकायला लागतो. टेबलावर ठेवलेल्या फोनमध्येसुद्धा नजर हळूहळू एका बाजूला जाते. चिप वळण्याचा वेग मोजते आणि गेम त्याची बेरीज करत राहतो; वेगातली बारीक चूक बेरजेत वाढत जाते. मग फोन सपाट जागी ठेवून कॅलिब्रेट करावा लागतो.

भाचा : तुमची रायफल तापली म्हणून कधी आपोआप डावीकडं बघायला लागली का?

मामा : तापली की गोळी जरा इकडंतिकडं जाते.

भाचा : मग तेव्हा काय करायचात?

मामा : थंड होऊ द्यायचो.

भाचा : मीबी चार्जर काढतो. पण अपडेट आल्यावर थंड करून भागत नाही. तेव्हा आकडा बदलावाच लागतो.

मामा : बदल. पण आधी भिंतीवर पाच गोळ्या. त्या पसरल्या तर आकड्याला हात लावायचा नाही. आणि एका वेळी एकच आकडा.

भाचा : आणि स्प्रेचं काय? सलग तीस गोळ्या सुटतात तेव्हा बंदूक वर उठती. तिथं भिंतीवरच्या पाच गोळ्यांनी काय कळणार? तिथं फोन सतत पुढं झुकवत न्यावा लागतो. एडीएस जायरो कमी असला तर मनगट संपतं आणि बंदूक वर निघून जाती. जास्त असला तर नेम जमिनीत.

मामा : सलग तीस गोळ्या मारायच्याच कशाला? दोन-दोन, तीन-तीन मार.

भाचा : समोरचा तीस मारत असतो ना!

मामा : मग तो चुकतोय.

भाचा : तो चुकत नाही, मामा. मी मरायलोय.

यावर त्यांचं एकमत झालं नाही, आणि होईल असं वाटतही नाही. तीन गोळ्यांची शिस्त खऱ्या रायफलीच्या वजनातून, पाठीवरच्या मोजक्या मॅगझिनमधून आणि नळी तापण्यातून आलेली आहे. गेममध्ये गोळ्या जमिनीवर पडलेल्या सापडतात. उलट, भाच्याचा स्प्रे बेळगावच्या रेंजवर एक मिनिट चालला नसता. मामांनी शेवटी फोन मागून घेतला. जायरो बंद करायला लावला, अंगठ्यानं खेळले, आणि कॅमेऱ्याची सेन्सी इतकी कमी करून घेतली की भाचा म्हणाला, एका भिंतीकडून दुसऱ्या भिंतीकडं बघेपर्यंत तुमचं जेवण होईल. मामांनी एसएलआर घेतली, कारण ती नावानं ओळखीची निघाली. फौजेत इन्सासच्या आधी तीच होती. झाडाआड पालथे पडले, आणि बराच वेळ कुणालाच न मारता पडून राहिले.

भाचा : मामा, झोन यायलाय. पळा.

मामा : पोझिशन सोडत नसतात.

भाचा : अहो, निळा झोन. जीव जायलाय तुमचा.

मामा : मला पळायचं बटण दाखव आधी. आणि तुझे ते आकडे वहीत लिहून ठेव, मी माझे लावणार आहे.

भाचा : दुसरं लेआउट रिकामं आहे, त्यात लावा. माझ्याला हात नका लावू!